पेजेपुरता स्टोव्ह

राहनाळ, ता. भिवंडी
५ जानेवारी

चि. बुद्धभूषण यास ताईचा सप्रेम जय भीम व अनेक आशीर्वाद.

वि. वि. पत्र आले म्हणून हसू नकोस. आमची एकच खोली. फोनवर बोललेले सगळे तुझ्या भावोजींच्या कानावर जाते, आणि डॉक्टर काय म्हणाले ते त्यांना कळू द्यायचे नाही. घशातली गाठ आता काढता येणार नाही म्हणे. उरलेले दिवस सुखात जाऊ द्या, असे सांगितले.

माघी पौर्णिमेनंतर विहारातली मंडळी बसने बोधगया, सारनाथ, कुशिनगरला निघणार आहेत. मरायच्या आधी कुशिनगर बघायचंय, हे त्यांचे बोलणे मी लग्नापासून ऐकते आहे. दरवेळी गोडाऊनची ड्युटी आडवी आली. आता मी नेणारच. पण त्यांच्या घशाखाली गरम, पातळ पेजेशिवाय काही उतरत नाही, आणि बसमधला आचारी तिखटजाळ करणार. तू डोंगर पालथे घालतोस, तर वाटेत कुठेही पेटेल असा हलका स्टोव्ह सुचव. माझे मनगट दुखते, जड उचलवत नाही.

पेज पातळ चालेल, माया पातळ करू नकोस.

तुझी,
कमळाताई

नाशिक
१२ जानेवारी

ती. ताईस सविनय जय भीम.

पत्र दोनदा वाचले. पण तू कामाचे विचारलेस, तर कामाचेच लिहितो.

घरचा सिलिंडर बसवाला चढवू देणार नाही. वातीच्या स्टोव्हला रॉकेल कुठून आणायचे? इंडक्शनला रस्त्याच्या कडेला प्लग नाही. उरले दोन. स्पिरिटचा स्टोव्ह अगदी हलका, पण पेज शिजेपर्यंत भावोजी उपाशी, आणि भर उन्हात त्याची ज्योत दिसत नाही, हात भाजतो. दुसरा म्हणजे छोट्या गॅसच्या डब्यावर बसणारा घडीचा बर्नर. मुठीत मावतो, लगेच पेटतो. तोच पाठवतो, सोबत दोघांपुरते पातेले. डब्याचे बसवाल्याला आधी विचार, डबा उन्हात ठेवू नकोस, बसमध्ये तर मुळीच पेटवू नकोस. आणि अंगणात एकदा करून बघ. तुझा चहासुद्धा उतू जातो, म्हणून सांगतो.

रागावलीस तरी चालेल, लोभ कमी करू नकोस.

तुझा,
बुद्धभूषण

राहनाळ
२४ जानेवारी

चि. बुद्धभूषण यास जय भीम.

आवाज गेल्यात जमा, म्हणून लिहितो. तुझी ताई बाजारात गेली आहे. काल तिने तुझा बर्नर दारात लावला. गोडाऊनचा कंटेनर गेला की वाऱ्याने ज्योत विझायची आणि ही ड्रायव्हरच्या नावाने बोटे मोडायची. शेवटी पत्र्याचा आडोसा केला, तेव्हा कुठे पेज झाली. चमचाभर गेली.

मला सगळे ठाऊक आहे. तंबाखूवरून सकाळ-संध्याकाळ माझा उद्धार करणारी बाई एकाएकी गोड बोलायला लागली, तेव्हाच समजलो. बस माझ्याच्याने व्हायची नाही. पण तसे म्हटले तर तीही जाणार नाही, आणि स्टोव्हचे बोलणे निघाले की तिचा चेहरा उजळतो. म्हणून मी आपला हो हो करतो.

तू एक कर. ते पातेले मोठे आहे, बर्नरवर डुगडुगते. एकटीपुरते, तिला एका हाताने उचलवेल असे पाठव. माझ्यामागे तिला त्या बसमध्ये बसव. तिखट तिलाही सोसत नाही, सांगत नाही एवढेच. आत्ता तिला यातले काही बोलू नकोस.

भार टाकतो आहे, पण आपला समजूनच.

तुझे भावोजी,
दामू

कुशिनगर
१८ नोव्हेंबर

चि. बुद्धभूषण यास अनेक आशीर्वाद.

माघी पौर्णिमेआधीच ते गेले आणि ती बस आमच्याविना निघाली. दिवाळीनंतरच्या बसमध्ये तू मला जवळजवळ ढकललेस. आज इथे पोचले. धर्मशाळेच्या अंगणात बर्नर लावून भात केला. बायका विचारत होत्या, एवढेसे पातेले कशाला आणले? मी म्हटले, आमच्या माणसाने निवडलेय.

निघताना तू त्यांचे पत्र माझ्या हातात दिलेस, ते बसमध्ये वाचले. फार राग आला त्यांचा. मी मोरीत नळ सोडून रडायचे, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. मी बाजारात गेले की ते रडत असणार. एका खोलीत राहून आम्ही चोरून, वेगवेगळे रडलो रे. एकदा तरी एकमेकांच्या गळ्यात पडून रडता आले असते.

आता लिहवत नाही. माया असू दे.

तुझी,
ताई