कोमट पाणी

६ जुलै, रविवार

प्रिय वहिनी,

तुला आणि दादाला नमस्कार, आणि आमच्या भाचीबाईंना भरपूर पापे, तेरा वर्षांची झाली म्हणून तिला लाज वाटत असली तरी. पत्र मिळालं. दादा, तू हे सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवत असशीलच, तर जरा दमाने वाच. घरात दोन-दोन बोलक्या बायका असताना पत्रवाचनाचा मान तुझ्याकडे कसा गेला, देव जाणे.

फोन करत नाही म्हणून तू रागावलीस, वहिनी. अगं, दिवसभर बोलूनच तर पोट भरते मी. संध्याकाळी घशातून 'हॅलो' काढायचं म्हणजे जिवावर येतं. त्यातून दादा 'स्पीकर लाव, स्पीकर लाव' करतो आणि मग मी घराशी नाही, सभेशी बोलते. त्यापेक्षा लिहिलेलं बरं.

सध्या एका जाड कादंबरीचं ऑडिओबुक चाललंय. काचेची खोली कपाटाएवढी. पंखा बंद, कारण तो ऐकू येतो. कडक इस्त्रीचे कपडे चालत नाहीत, ते कुरकुरतात. उपाशी बसायचं नाही, पोट बोलतं. काचेपलीकडे आमचा रेकॉर्डिस्ट असतो, त्याला सगळे कानसेन म्हणतात. मुंगी शिंकली तरी हा हात वर करून 'पुन्हा घेऊ' म्हणणार. मी वाचायचं आणि याने मागाहून वाचणाऱ्यांचे मोठे मोठे श्वास कापून टाकायचे, असं आमचं काम. माझे श्वास कापावे लागत नाहीत म्हणून मी त्याची लाडकी आहे.

कादंबरीचा विषय काही हसरा नाही. चित्रकलेचे एक मास्तर आणि त्यांची चौदा वर्षांची विद्यार्थिनी. लिहिणारीने फार चांगलं लिहिलंय, इतकं की माझं काम लांबलंय. एका ठिकाणी मास्तर मुलीच्या आईला म्हणतात, 'पोर गुणी आहे, माझ्यावर सोडा.' साधं वाक्य. पण तिथेच मी दोन-तीनदा अडखळले. कानसेन म्हणाला, घसा बसलाय, उद्या घेऊ. मीही हो म्हटलं.

बाकी तू लिहिलंस ते कळलं. माझे वक्तृत्वाचे सर निवृत्त होऊन पुन्हा आपल्या गल्लीत राहायला आले, दादाला आकाश ठेंगणं झालंय, आणि दर रविवारी ते घरी येऊन भाचीचीही शिकवणी घ्यायला लागलेत. दादा म्हणतो ते खोटं नाही. आज मी जी काही बोलते ती त्यांच्यामुळेच. पहिल्याच दिवशी मला ऐकून म्हणाले होते, 'ही तर पिपाणी आहे. हिची बासरी करू.' बासरीचं काय झालं ठाऊक नाही, घरात मी जन्माची पिपाणी झाले.

एक सुचवू? शिकवणी बाहेरच्या खोलीत ठेवा. मागच्या खोलीत उजेड नाही, पोरीचे डोळे जातील. आणि तिचं पोहणं का बंद केलंत? वक्तृत्वाच्या स्पर्धा काय, दरवर्षी येतात. यंदा नाही बोलली म्हणून कुणाचं काय अडणार आहे? पोहायला जात होती तेव्हा किती भूक लागायची तिला. हे आपलं सहज लिहिलं.

तुमचीच,
पिपाणी


२० जुलै

वहिनी,

हे पत्र तुझ्या एकटीसाठी आहे. पाकिटावरही तसं लिहिलंय. वाच, आणि कुठेतरी ठेवून दे.

भाचीने भाषणाचं रेकॉर्डिंग पाठवलं. शेवटी हसून म्हणालीय, 'आत्या, कसं झालं ते सांग हं. सरांनी मलापण नाव ठेवलंय, खुळखुळा!' मी ते कामावरच ऐकलं, आमचे ते मोठे हेडफोन लावून. एकदा ऐकलं, मग पुन्हा ऐकलं, आणि मग कानसेनला सांगितलं की मला बरं वाटत नाही.

पोरगी छान बोलते गं. पण तिच्या बोलण्यामागे घर ऐकू येत नाही. नळ नाही, टीव्ही नाही, दादाची ती छप्पर हलवणारी शिंक नाही. आपल्या घरात इतकी शांतता हवी तर मागच्या खोलीचं दार लावून घ्यावं लागतं. म्हणजे शिकवणी तिथेच चाललीय. आणि भाषणात एक लांबलचक वाक्य आहे, ते ती एका दमात म्हणते. वाक्य संपलं, आता कुणीही श्वास घेईल. ती घेत नाही. थांबते. आवंढा गिळते. मग घेते.

तुला यात काही वाटणार नाही. कुणालाच वाटणार नाही, परीक्षक तर टाळ्या वाजवतील. पण ती कशासाठी थांबते ते मला ठाऊक आहे. शिकवताना सर पोटावर, बरगड्यांच्या खाली तळवा ठेवतात आणि म्हणतात, 'मी हात उचलेन तेव्हाच श्वास घ्यायचा.' छातीत आग पडते, कान भणभणतात, आणि आपण उभ्या. हात कधी उचलायचा ते त्यांच्या मनावर. असं शिकलेला श्वास पुस्तकात वाचून येत नाही आणि नुसतं ऐकूनही येत नाही. तो माझा आहे, आणि आता तिचा झालाय.

हात तिथेच राहत नव्हता, वहिनी.

बघ, लिहिलं. तेराव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत, रविवारी, मागच्या खोलीत. याच्यापुढे मला लिहिता येत नाही आणि तूही विचारू नकोस. कादंबरी लिहिणाऱ्या बाईने सगळं लिहिलंय, ते मला खणखणीत वाचता येतं. स्वतःचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटते.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी उशी घेऊन तुझ्या खोलीत झोपायला यायचे, आठवतं? दादा वैतागायचा, हिला काय भुतं दिसतात का म्हणायचा. तू सरकून जागा द्यायचीस. एकदा तू मला बाजूला घेऊन विचारलंस की काय होतंय, आणि मी म्हटलं, मागच्या खोलीत उंदीर आहे. तू दुसऱ्याच दिवशी पिंजरा आणलास. किती दिवस तू त्यात रोज नवा पावाचा तुकडा लावत होतीस! एकही उंदीर सापडला नाही आणि तू मला एका शब्दाने खोटं पाडलं नाहीस. तेव्हा सांगायला हवं होतं, असं आता वाटतं. पण तेव्हा मला त्याला काय म्हणतात तेच ठाऊक नव्हतं.

माझा संसार का मोडला म्हणून तुम्ही सगळ्यांनी विचारलंत. माणूस वाईट नव्हता. स्वयंपाकघरात मागून येऊन त्याने प्रेमाने कमरेला हात घातला की मी श्वास धरून उभी राहायचे, तो हात काढेपर्यंत. बिचाऱ्याने पुष्कळ दिवस काढले. मग एक दिवस म्हणाला, मी भिंतीशी लग्न केलंय. मला त्याचा राग आला नाही.

तिची शिकवणी बंद कर. कारण काहीही सांग, घसा दुखतो सांग, अभ्यास सांग, पोहणं सांग. माझं नाव घेतलंस तरी चालेल. पण येत्या रविवारच्या आत बंद कर. पोरीला ओरडू नकोस, खोदून खोदून विचारूही नकोस. फक्त बंद कर.

सही करत नाही. त्या नावाने आता करवत नाही.


५ ऑगस्ट

वहिनी,

हे तुझ्या दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवतेय. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवरच्या बाईची पत्रं कुणी फोडून मोठ्याने वाचत नसावं. मागचं पत्र दादाने फोडलं यात तुझा काही दोष नाही. 'फक्त वहिनीसाठी' असं लिहिणं म्हणजे त्याला बोलावणंच होतं, आणि ही अक्कल मला आधी यायला हवी होती.

फोनवर तो ओरडला नाही. ओरडला असता तर मीही ओरडले असते. समजावत होता. म्हणाला, 'अगं, तू ती कादंबरी वाचतेयस ना, तेच डोक्यात बसलंय तुझ्या. नाहीतर पंचवीस वर्षांनी बरं आठवलं?' मी म्हटलं, आठवायला विसरले कधी होते? तर म्हणतो, कादंबरीतली मुलगीही हेच म्हणत असेल. आणि खरंच म्हणते गं ती, अगदी याच शब्दांत. मी फोन ठेवला. इतकी वर्षं मला शब्द नव्हते. कुणीतरी ते लिहून ठेवले, तर आता ते माझे नाहीत, कादंबरीचे आहेत.

म्हणून मी आले. तुला वाटलं असेल, न सांगता कशी उगवली. सबंध प्रवासात मी चारच वाक्यं घोकत होते. खिडकीकडे तोंड करून इतक्या वेळा म्हटली की शेजारच्या माणसाने जागा बदलली. माझा आवाज कानात घालून लोक झोपतात, वहिनी. मला चार वाक्यं जड जातील असं वाटलंच नाही.

दार उघडलं तर ते दादाच्या खुर्चीत. म्हातारे झालेत. स्वेटरची बटणं वर-खाली लावलेली, हाताला कंप. मला वाटलं, अरे, हे एवढेसेच? आणि ते म्हणाले, 'या, पिपाणी. उभी राहा बघू सरळ.'

आणि मी उभी राहिले. तू पाहिलंस. बॅग हातात तशीच, टाचा जुळवून, दुसरा हात मांडीला चिकटवून. अडतीस वर्षांची बाई मी, केस पिकायला लागलेत, आणि श्वास धरून उभी. दादा हसला, 'बघा सर, अजून धाक आहे.' त्या चार वाक्यांतला एक शब्द आला नाही. मग मी बसले आणि त्यांनी विचारलं त्याची उत्तरं दिली. नोकरी बरी आहे म्हटलं. पुस्तकं वाचते म्हटलं. तुमची कृपा, असंसुद्धा म्हटलं. मला माझीच इतकी किळस आली की पुढचं नीट आठवत नाही.

पण एक आठवतं, आणि ते सांगायलाच हे पत्र लिहितेय. त्यांनी घसा खाकरला आणि तुला म्हणाले, 'सूनबाई, जरा कोमट पाणी मिळेल का?' तू उठून आत गेलीस. मी तेव्हा भाचीकडे बघत होते. तू दारातून आत गेलीस आणि तिने आवंढा गिळला. दादा तिथे होता, मी तिथे होते, काही होणार नव्हतं. तरी गिळला.

आईही अशीच उठायची. सुरुवातीला ती शिकवणीला येऊन बसायची, विणत. मग ते म्हणाले, आईसमोर मुलं मोकळी होत नाहीत. तरी दार लोटून ती बाहेर स्टुलावर बसायची. तेव्हा पाणी सुरू झालं. गार चालत नाही, घशाचा माणूस. ती पाणी तापवायला जायची. आणलं की फार गरम आहे म्हणायचे, ती निववायला परत जायची. आईला बिचारीला अभिमान होता की एवढ्या मोठ्या माणसाला आपल्या हातचं पाणी लागतं. मरेपर्यंत तिने ते कौतुक सांगितलं. कानसेन माझ्यासाठी रोज कोमट पाण्याचा थर्मास भरून ठेवतो, वाचणाऱ्यांना लागतं म्हणून. इतक्या वर्षांत मी तो एकदाही उघडलेला नाही, हे त्याला कळलंय. विचारत मात्र नाही.

मला सोडायला आलीस तेव्हा बस दिसल्यावर म्हणालीस, 'मी काय करू गं? यांच्यापुढे माझं काय चालतं?' मी तशीच बसमध्ये चढले म्हणून तुला वाईट वाटलं असेल. पण माझं तरी कुठे काय चाललं?

काल कादंबरी वाचून संपली. शेवटी ती मुलगी मोठी होऊन भर सभेत उभी राहते, सगळं बोलते, आणि माणसं ऐकून घेतात. शेवटचं पान मी न अडखळता वाचलं. कानसेन काचेपलीकडून अंगठा दाखवत म्हणाला, एकदम साफ. मला लिहिणारीचा हेवा वाटला आणि थोडा रागही आला. भरलेली सभा तिने किती सहज जमवली. मला माझ्या घरातली तीन माणसं जमली नाहीत.

शिकवणी बंद कर असं आता म्हणत नाही. ते तुला जमणार नाही, आणि जे मला जमलं नाही ते तुझ्याकडून कुठल्या तोंडाने मागू? एवढंच कर. रविवारी त्या खोलीत जाऊन बस. कपड्यांच्या घड्या घाल, बटणं शिव, काहीही कर. ते म्हणतील, आईसमोर मुलं मोकळी होत नाहीत. ऐकून घे आणि बस. दादा बाहेरून हाक मारेल. मारू दे. मग ते घसा खाकरतील आणि कोमट पाणी मागतील.

उठू नकोस, वहिनी. म्हातारा माणूस, हात कापतोय, नुसतं पाणीच तर मागतोय, तुला कसंसंच होईल. आईलाही व्हायचं. पोरगी तुझ्याकडे बघत असेल. तू उठू नकोस.

जिला तू सरकून जागा दिलीस ती,
तुझी नणंद