काचेचा धागा आणि श्रीधरचा इन्व्हर्टर

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून राग बंद. डॉक्टरांनी बीपीची गोळी वाढवली आणि वर म्हणाले, रिटायर झालात, एखादा शांत छंद ठेवा. छंद आहेच. रेडिओ. गाण्यांचा नव्हे. सगळ्या स्टेशनांच्या खूप खाली, जिथे कुणीच बोलत नाही, तिथे आकाशातल्या विजा ऐकू येतात. समुद्रापार कुठेतरी वीज पडते आणि इथे पुण्यात माझ्या कानात तडतडते. क्वचित एखाद्या पहाटे त्यातून एक लांब, वरून खाली उतरत जाणारी शिट्टी येते. माझ्या कोथरूडच्या मावसभावाने, बाळने, ती ऐकली आहे. ऐकली तर ऐकली, प्रत्येक लग्नामुंजीत मोबाईलवर वाजवून दाखवतो. या वर्षात मी ती ऐकणार. ठरलं.

अडचण एकच. हेडफोन लावला की गुर्रर्र. उगम शोधून काढला: वरच्या मजल्यावरच्या श्रीधरचा इन्व्हर्टर. श्रीधर म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी आणि माझा एकुलता एक मित्र. सकाळचा चहा रोज आमच्याकडे घेतो. त्याला अत्यंत शांतपणे सांगितलं, इन्व्हर्टर काढ. म्हणाला, त्यापेक्षा तू हेडफोन काढ, स्वस्त पडेल. माझ्या हातातून चप्पल सुटली. फेकली नाही, सुटली. त्याच्या कानाला लागली. हेमा म्हणाली, अहो, चप्पल पायातून सुटते. हिला बारकावे कळत नाहीत.

९ नोव्हेंबर, रविवार
खूप वाचन. गच्चीवरच्या अँटेनापासून खाली येणारी तांब्याची केबल म्हणे घरादारातला सगळा कचरा वर अँटेनापर्यंत नेऊन पोचवते. उपाय: ऑप्टिकल फायबर. वरची डबी आवाजाचा प्रकाश करते, प्रकाश काचेच्या धाग्यातून खाली येतो, खालची डबी त्याचा पुन्हा आवाज करते. डिजिटलची भानगड नाही, अ‍ॅनालॉग. आवाज वाढला की उजेड वाढतो, उतरला की उतरतो. काचेला कुणाच्या इन्व्हर्टरचं सोयरसुतक नाही. वरची डबी मात्र फक्त बॅटरीवर चालवायची. विजेची एकही तार तिला शिवता कामा नये. हे ठळक अक्षरांत छापलंय. मी त्याखाली लाल पेनाने रेघ मारली.

१६ नोव्हेंबर, रविवार
फायबर टाकलं! श्रीधरने सकाळपासून शिडी धरली. कान अजून सुजलेला, पण तक्रार नाही. सुरू केलं आणि गुरगुर गायब. नुसतं आकाश. फोडणीत मोहरी तडतडावी तसं. एक हेडफोन त्याच्या कानाला, एक माझ्या. म्हणाला, ही कुठली वीज रे? मी म्हटलं, ब्राझीलची. (माहीत नाही.) लहान मुलासारखा हसला. शिट्टी आली की मला उठव म्हणाला, कितीही वाजता. माणूस हिरा आहे. याच्यावर पुन्हा हात उचलणार नाही. ठरलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार
बॅटरी संपली. गच्चीला कुलूप, किल्ली श्रीधरकडे, श्रीधर मंडईत पेरू आणायला. वाट पाहिली. म्हणजे जिना चढून होईपर्यंत पाहिली. मग हातोडी आणली. पहिला घाव कुलपावर, दुसरा अंगठ्यावर, त्यानंतरचे दारावर. दाराची फळी फुटली. मागे श्रीधर पिशवी घेऊन उभा. म्हणाला, किल्लीनेही उघडतं ते. हातोडी सोडली. त्याला लागली नाही, भिंतीला लागली. पेरूंवर मात्र मी जाणूनबुजून पाय दिला. काही प्रसंगी तत्त्व महत्त्वाचं.

संध्याकाळी तो चहाला आला. पेरूंचा विषय काढला नाही. चूक कळली असावी.

२६ नोव्हेंबर, बुधवार
या वयात बॅटरीसाठी गच्चीचा जिना चढणं शोभत नाही. गच्चीवरच लिफ्टच्या मोटरची खोली आहे, तिथे प्लग आहे. तिथून वायर ओढली आणि बॅटरीला चार्जर कायमचा लावून टाकला. ठळक अक्षरं नवशिक्यांसाठी असतात.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
गुरगुर परत. आधीपेक्षा वाईट. चिडलो नाही. शास्त्रीय निरीक्षण केलं. श्रीधर बाहेरून आला, लिफ्टने वर गेला, की गुरगुर वाढते. खाली निघाला की पुन्हा वाढते. घरात बसला की कमी. अर्थ स्पष्ट आहे. तो खिशात काहीतरी यंत्र घेऊन फिरतो. मुद्दाम.

चहाला आला तेव्हा खिसे तपासले. किल्ल्या, रुमाल, बडीशेप. हसून म्हणाला, बडीशेप हवी तर माग की. मी कॉलर धरली. त्याने ट्रे माझ्या डोक्यात घातला. पहिला फटका त्याचाच, हे हेमानेही पाहिलं. कॉलर हा फटका नव्हे. मग मी त्याच्या पोटात गुद्दा मारला, त्याने माझा चष्मा फोडला, कपबश्या गेल्या. हेमाने दोघांवर बादलीभर पाणी ओतलं. भांडणाऱ्या कुत्र्यांवर ओततात तसं. अपमान!

१ डिसेंबर, सोमवार
पडद्याचा लोखंडी रॉड घेऊन वर गेलो. बोलणी करायला. दार उघडं होतं. इन्व्हर्टर समोरच. बोलणी झाली नाहीत. पाच-सहा घावांत त्याचा डबा आत गेला, काचा उडाल्या, माझ्या हाताला रक्त. फार बरं वाटलं. श्रीधर ओरडत मागे धावला. जिन्यात त्याने रॉड धरला. मी ढकललं. तो खाली लँडिंगपर्यंत गडगडत गेला. मनगटातून कट्कन आवाज आला, तो मला वरपर्यंत ऐकू आला.

हेमा त्याला रिक्षात घालून हॉस्पिटलमध्ये घेऊन गेली. प्लास्टर. डॉक्टरांना म्हणाला, पाय घसरला. माझं नाव घेतलं नाही. म्हणजे टरकला.

२ डिसेंबर, मंगळवार
विजय! हेडफोन लावला आणि काही नाही. गुरगुर नाही, घरघर नाही, तडतडसुद्धा नाही. इतकी शुद्ध शांतता पुण्यात कुणी ऐकली नसेल. शहाण्याला शब्दाचा मार. श्रीधरला रॉड लागला. बाळला फोन करून सांगितलं, येऊन ऐक आणि जळ.

श्रीधर चहाला आला नाही.

७ डिसेंबर, रविवार
बाळ आला. हेडफोन लावला. म्हणाला, अरे, हे बंद आहे. मी म्हटलं, यालाच शांतता म्हणतात. तो गच्चीवर गेला. फायबर मधोमध कापलेलं. तिथेच इंटरनेटवाला नागोराव पक्कड घेऊन बसला होता. त्याला विचारलं. जराही न लाजता म्हणाला, व्हय, म्याच कापली, सोमवारी. मला वाटलं त्या दुसऱ्या कंपनीची हाय. ते आमची कापत्यात, आमी त्यांची. धंद्याची रीतच हाय साहेब.

मी धावून गेलो. त्याने कानाखाली एकच ठेवून दिली. टाकीशेजारी बसलो. मी त्याला माफ केलं.

तेवढ्यात बाळला चार्जरची वायर दिसली. हसायला लागला. शिल्लक राहिलेलं फायबर त्याने नव्याने जोडलं, चार्जर काढला: आकाश. चार्जर लावला: गुर्रर्र. लिफ्ट वर-खाली करवली: गुरगुर वर-खाली. पुन्हा काढला: आकाश. मी म्हटलं, कळलं. त्याने तरी अजून एकदा करून दाखवलं. मग विचारलं, श्रीधरला कशाबद्दल मारलंस रे? मी म्हटलं, ते जुनं प्रकरण आहे.

श्रीधरची माफी मागणार. योग्य वेळ पाहून. शिट्टी ऐकवली की आपोआपच होईल.

१४ डिसेंबर, रविवार, पहाट
आली. शिट्टी आली! तडतडीतून एक बारीक सूर निघाला आणि खाली, खाली, खाली उतरत विरून गेला. रेकॉर्डर लावायचा राहिला.

अनवाणी वर पळालो, बेल दाबली. श्रीधरने दार उघडलं. हात गळ्यात बांधलेला, सदऱ्याची एक बाही लोंबत होती. मी सगळं सांगितलं. सूर कसा निघाला, कसा उतरला. तोंडाने काढूनही दाखवला. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, झालं?

मी म्हटलं, झालं.

त्याने दार लावलं. हळू लावलं. पण मग कडी घातल्याचा आवाज आला.

माफीचं राहूनच गेलं. पुन्हा बेल दाबायला हात वर केला आणि खाली घेतला. जिन्यात बसलो. रडू आलं, बीपीची गोळी राहिली होती म्हणून असेल. बराच वेळ बसलो होतो. कुणालाही मारावंसं वाटलं नाही.