ट्यूब उभीच का?

३ जून. सकाळी ७.
आजपासून मोहीम. काल एका लेखात वाचलं, जाहिरातींत लैंगिक चिन्हं लपवलेली असतात आणि मुलांच्या कोवळ्या मनावर त्यांचा परिणाम होतो. बघणाऱ्याला कळतही नाही म्हणे. मला कळेल. चोवीस वर्षं चष्मे विकतोय, नजर हाच माझा धंदा. घरात ठकी आहे, वय वर्षं नऊ. बाप म्हणून मी हातावर हात ठेवून बसणार नाही.

४ जून.
दुकानातलं मोठं भिंग घरी आणलं. शाम्पूच्या बाटलीवर पाऊण तासाने एक संशयास्पद आकृती सापडली. बायको म्हणाली, तो तुमच्याच अंगठ्याचा ठसा आहे. भोळी आहे बिचारी.

७ जून.
घरातल्या सगळ्या डब्यांवर, पुड्यांवर पांढरा कागद चिकटवला. ठकीचं मन सुरक्षित.

८ जून.
चहात मीठ पडलं. बायकोचा आवाज चढला. कागद काढले. मोठ्या कामाला विरोध व्हायचाच.

११ जून.
ठकी दोनदा म्हणाली, बाबा, माझं चित्र बघ ना. उद्या बघतो म्हटलं. आइस्क्रीमच्या जाहिरातीत गुंतलो होतो. तिच्यासाठीच तर चाललंय सगळं.

१४ जून. दु. १२.
हद्द झाली! दुकानासमोरच्या दातांच्या डॉक्टरांनी काचेवर नवं पोस्टर लावलंय. टूथपेस्ट आणि ब्रश. ट्यूब उभीच का? टोपण गुलाबीच का? ब्रश तिच्याकडे झुकलाय तो कशासाठी? रंग मुद्दाम रेषेबाहेर गेलेत. पोरांना फसवायला पोरकट हाताचं सोंग! हे कुठल्या तरी मुरलेल्या एजन्सीचंच काम.

दु. ४.
डॉक्टरांना पत्र लिहिलं. दोन पानं. 'चित्रकाराचं मन किडलेलं आहे' हे वाक्य झकास जमलं. खाली 'एक जागरूक पालक'. नाव घातलं नाही, मला प्रसिद्धीची हाव नाही. (शिवाय डॉक्टर चष्मा माझ्याकडूनच घेतात.)

१५ जून.
पोस्टर उतरलं! एकटा माणूस काय करू शकतो! दिवसभर शीळ घालत होतो.

१६ जून. संध्याकाळी.
ठकी रडत घरी आली. शाळेने सुट्टीत घेतलेल्या स्पर्धेत पहिलं आलेलं तिचं चित्र डॉक्टरांनी काचेवर लावलं होतं म्हणे. आज बाईंनी ते परत दिलं. कुणाला तरी ते घाणेरडं वाटलं, एवढंच सांगितलं. वर्गातली पोरं तिला चिडवतायत. आता चित्रं काढणार नाही म्हणते.

डॉक्टरांनी चित्रासोबत शाळेत दिलेलं ते पत्र बाईंनी पाकिटात घालून बायकोकडे पाठवलं होतं. तिने दोन्ही पानं वाचली. अक्षर ओळखलं आणि पत्र माझ्या भिंगाखाली नेऊन ठेवलं. जेवताना माझं ताट मीच वाढून घेतलं.

तसं बघितलं तर पत्रात ठकीचं नाव कुठेच नाही. 'किडलेलं मन' एजन्सीला उद्देशून होतं. तरी फार वाईट वाटतंय.

१७ जून. सकाळी ८.
ठकीने चित्र माझ्यापुढे ठेवलं. म्हणाली, बाबा, तुला बारीकसारीक सगळं दिसतं ना? त्या माणसाला ह्यात घाणेरडं काय दिसलं ते दाखव, म्हणजे मी खोडून टाकते.

भिंग घेतलं. अर्धा तास बघितलं. टूथपेस्ट आहे, म्हटलं. ब्रश आहे. बाकी काही नाही.

आणखी नीट बघ, म्हणाली. खोडरबर घेऊन अजून शेजारी उभी आहे.