उन्नतीला काय चालतं

बोईसर,
रविवार

प्रिय आई,

कमलेश उद्या शिरगावला येतोय, त्याच्या हाती हे पत्र देतेय. फोनवर तू "बरी हाय, जेवले" एवढंच बोलतेस आणि फोन बाबांकडे देतेस, म्हणून लिहायचं ठरवलं. चष्मा लाव आणि सावकाश वाच. बाबांना वाचायला लावू नकोस.

इकडे सगळं ठीक आहे. कमलेशच्या कंपनीत पाळी बदलली, आता दुपारचा घरी असतो. उन्नती बालवाडीत रमली. तिच्या वाढदिवसाला तू आलीस, पण बिल्डिंगच्या फाटकाशीच थांबलीस. तांदळाचं पीठ आणि केळी कमलेशकडे दिलीस, "माज्या अंगाला म्हावऱ्याचा वास हाय, मी वर नाय येत" म्हणालीस आणि आलेल्या रिक्षानेच परत गेलीस. उन्नती गॅलरीतून हाका मारत होती. तू हात हलवलास, पण थांबली नाहीस. संध्याकाळी केक खाताना तिने मला विचारलं, "आजीला माझी ॲलर्जी झालीय का?" मी म्हटलं, आजीला काम होतं. तिला ते पटलं नाही, मला दिसलं.

शिमग्याला जे झालं ते तू मनातून काढलं नाहीस, हे मला ठाऊक आहे. त्याआधी दिवाळीत तिच्या अंगावर गांधी उठल्या तेव्हा आपण सगळेच पित्त म्हणालो. तू आमसुलाचं पाणी लावलंस, तासाभरात ती खेळायलाही लागली. कुणाला काय माहीत होतं? शिमग्याला ताटात तेच, कोलंबीचं कालवण आणि बोंबील. दोन घास झाले आणि ती खोकायला लागली, ओठ सुजले, आवाज बसला, छातीतून शिट्टी वाजल्यासारखा श्वास यायला लागला. पालघरला नेलं, तिथे मांडीत इंजेक्शन दिलं आणि बघता बघता तिचा रंग परत आला. डॉक्टरांनी एवढंच विचारलं होतं, काय खाल्लं हिने. तू म्हणालीस, "माज्या हातचं खाल्लं." आई, असं कुणी विचारलंच नव्हतं.

मग आम्ही तिला ॲलर्जीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, ते तुला तुटक तुटक सांगितलंय. आता नीट सांगते. तिच्या हातावर निरनिराळे थेंब ठेवून प्रत्येक थेंबाखाली जरासं टोचलं. रक्त नाही, काही नाही. थोड्या वेळाने कोलंबीच्या थेंबाखाली मोठी गांधी उठली, खेकड्याच्या थेंबाखालीही. माशांच्या थेंबांखाली कातडी होती तशीच राहिली. बाई म्हणाल्या, कोलंबी, जवळा, खेकडा, शेवंड या सगळ्यांत एकच जिन्नस असतो आणि हिचं शरीर त्याला शत्रू समजून अंगभर धावपळ करतं. माशांत तो नसतो. मी विचारलं, कोलंबी शिळी होती का, मसाला तिखट होता का, नजर लागली असेल का. तुझ्या मनातले सगळे प्रश्न मी विचारून घेतले. त्यांनी एकेकाला नाही म्हटलं. कोलंबी बोटीवरून उतरलेली ताजी असती, मोठ्या हॉटेलातली असती, तरी हेच झालं असतं. आधी चाललेली वस्तूसुद्धा पुढे कधी चालेनाशी होते. यात रांधणारीचा दोष नसतो.

खाजेची गोळी नुसत्या गांधींसाठी. श्वास अडला तर गोळीची वाट बघायची नाही, आमसूलही नाही. लगेच मांडीत इंजेक्शन आणि सरळ दवाखाना. ते इंजेक्शन आता आमच्या घरी असतं, कमलेशही द्यायला शिकलाय. आणि वासाचं म्हणशील, तर तुझ्या अंगाच्या वासाने तिला काही होत नाही. कोलंबी शिजत असताना तिला चुलीजवळ ठेवायचं नाही, जवळा वाळत असेल तिथे न्यायचं नाही आणि तिला घ्यायच्या आधी साबणाने हात धुवायचे, लुगडं बदलायचं. बस. हे मी बाईंना दोनदा विचारलं, कारण तू दोनदा विचारलं असतंस.

परवा बाजारात पुष्पलता मावशी भेटली. तुझ्या शेजारी ती इतकी वर्षं मासळी विकायला बसते, तिच्याकडून कळलं की तू जवळा कधीचाच सोडलास आणि आता पालघरच्या बाजारातली तुझी जागाही तिच्या सुनेला देऊन टाकणार आहेस. "तुजी आय म्हणते, नातीला चालत नाय त्या धंद्यात कशाला बसू," असं तिने सांगितलं. मी भाजी न घेताच घरी आले.

त्या जागेवर बसून तू मला शिकवलंस. जागा सोडायची तर गुडघे दुखतात म्हणून सोड, कंटाळलीस म्हणून सोड. उन्नतीचं नाव त्याला लावू नकोस.

आणि आता ज्यासाठी लिहायला बसले ते. येत्या बुधवारी सकाळी बाईंनी उन्नतीला बोलावलंय. थेंबाची तपासणी चांगली आली तरी खात्री म्हणून त्यांच्यासमोर तिला बोंबील खायला घालून बघायचाय. आधी नखाएवढा, मग जरा थांबून थोडा जास्त, असं दुपारपर्यंत. इंजेक्शन बाजूला तयार असेल. बोंबील घरून करून आणायला सांगितलाय, ताजा, हळद-मिठातला, कोलंबीचा हात न लागलेल्या भांड्यातला. हे सगळं मी तुला शहाण्यासारखं समजावतेय, पण भीती मलाच वाटतेय. शिमग्यापासून मी तिला कुठलाही मासा शिवू दिला नाही. आता तोच घास माझ्या हाताने तिच्या तोंडात घालायला माझा हात उठणार नाही. त्या दिवशी रिक्षात मी नुसती रडत होते आणि कमलेश फोन लावत होता. तिला मांडीवर ताठ बसवून, पाठीवर हात ठेवून "श्वास घे बाय, माज्याकडं बग" असं पालघर येईपर्यंत बोलत राहिलीस ती तू. डॉक्टरांना तू ते सांगितलं नाहीस, म्हणून मी सांगितलं. कमलेशबरोबर नवा तवा पाठवतेय. बुधवारी बोंबील तू करून आण, आणि तूच भरव.

वाट बघणारी तुझीच,
दीपा