ओल्या धावपट्टीवरची काळी रेघ

बुधवार, एप्रिल २००६. गिंडी, चेन्नई

आज मी माझीच सही खोडली. सकाळी ओल्या धावपट्टीवर ब्रेकची चाचणी झाली. विमान लवकर थांबलं, सगळे खूश. पण चाकांमागे काळी रेघ उमटली होती. पुरेसं पाणी असतं तर टायरचं रबर एवढं घासलंच नसतं. चाचणीच्या कागदावर 'धावपट्टी ओली' अशी सही मीच केली होती. पाणी मारणारा टँकर गेल्यावर इथल्या उन्हात पाणी किती झटकन सुकतं, हे मला कळायला नको?

चाचणीप्रमुख राव सरांना ती रेघ दाखवली. भडकलेच. "टँकर काय तुझ्या माहेरून येतो, बाई?"

"नाही सर. पण पावसात उतरणारा वैमानिक थांबायच्या अंतराच्या आपल्याच आकड्यावर विसंबेल."

टँकर पुन्हा आला. या वेळी मी शेवटच्या मिनिटापर्यंत पाणी मोजत राहिले. ब्रेकमधल्या अँटीस्किड यंत्रणेनं चाकं अडकू दिली नाहीत, तरी विमान कितीतरी पुढे जाऊन थांबलं. मागे काळी रेघ नव्हती.

सर बराच वेळ तिथं वाकून बघत होते. मग म्हणाले, "अहवालात हाच आकडा जाईल. सही तुझीच."

चूक माझी होती, तरी अभिमान वाटतोय. वाटावा का? आज वाटू दे.