शरदच्या गाडीची हत्यारं

७ सप्टेंबर, रविवार
रविवारी सकाळी शरद अंगणात मोटरसायकल उघडून बसायचा आणि मी शेजारी पाटावर, मांडीत स्टीलची वाटी घेऊन. वाटीत नट. तो न बघता हात मागे करायचा, "दहा-अकरा." मी हमखास बारा-तेराचा पाना ठेवायची. "सुमन, आकडे इंग्रजीतच आहेत गं." माझ्या कॉन्व्हेंटवरचा ठरलेला टोमणा. मग काळ्याच हातांनी चहा. बस्स, एवढंच.
आज आठवायचं कारण अमितचा फोन. बेंगळुरूहून दिवाळीला येतोय. "आई, बाबांची गाडी काढून टाकू. दीड वर्ष उभी आहे, भंगार झालंय." शरदला जाऊनही तेवढंच झालं.
म्हटलं, चालू झाली तर?
हसला. "चालू झाली तर राहू दे."
ठरलं.

९ सप्टेंबर
पण हत्यारं कुठायत? शरदची पेटी दिवसकार्याच्या गडबडीत दिरांनी कुणा मिस्तरीला देऊन टाकली. मला विचारलं होतं म्हणे, मी हो म्हटलं म्हणे. आठवत नाही.
हार्डवेअरच्या दुकानात गेले. यादी सुवाच्य अक्षरात: आठ-नऊपासून सोळा-सतरापर्यंत पाने, प्लग पाना, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, तारेचा ब्रश, प्लगची फट मोजायच्या पट्ट्या, हवेचा पंप.
"मावशी, मिस्तरीला पाठवा की, तो बघून घेईल."
"मिस्तरी मीच."
गिऱ्हाइकं हसली. दुकानदारही. पण मग एकेक पाना हातात देऊन दाखवला, कुठला कशाला. या आठवड्यात एवढं कोणाशी बोलले नव्हते.

१३ सप्टेंबर
जुन्या चादरीची गुंडाळी शिवली, प्रत्येक पान्याला वेगळा कप्पा. शाळेत सिस्टरांनी शिकवलेला साखळी टाका अजून हातात आहे. लाल दोऱ्याने आकडे भरले. एक कप्पा जास्तीचा झाला. उसवला नाही.
दुपार कधी गेली कळलं नाही. हल्ली दुपार जात नाही ना.

१७ सप्टें.
चेन लालभडक गंजलेली. आपल्याकडे दाराची बिजागरी कुरकुरली, कुलूप अडलं, की करडईचं तेल. तेच हात सैल सोडून चेनला चोळलं. काय चमकली! अमितला फोटो पाठवला. उत्तरात अंगठा.

२१ सप्टें., रविवार
मागचं चाक फिरेना. तेल वाळून डिंक झालाय, त्यावर चार दिवसांची धूळ. पायरीवर बसून रडले. इथे लिहिते, दुसऱ्या कोणाला सांगणार.
फाटकात लक्ष्मीअक्का उभी. मागच्या गल्लीतली. घरी तेलुगू, तीस वर्षं यंत्रमागावर काढलेली. आमची ओळख संक्रांतीच्या तिळगुळापुरती.
"काय करलालाव बाई?"
सांगितलं. तिने चेनला बोट लावून वास घेतला. "करडी? चेनला फोडणी दिलाव की वो!"
इतकी हसली की मलाही आवरेना. मग पदर खोचून खालीच बसली. "मागाला हे लावलं असतं तर शेटनं त्याच दिवशी हाकललं असतं." तिच्याकडची सुताची चिंधी, डिझेल, माझा तारेचा ब्रश. दोन तास घासलं. वरून खरं इंजिनाचं तेल, थेंब थेंब.
मधेच म्हणाली, "नवरा गेला तवा मी सुट्टी घेतलीच नाही. घरात आवाज नव्हता. मागापाशी तरी खडखड व्हती."
मग दोघी पुन्हा घासायला लागलो. चाक फिरायला लागलं.

२८ सप्टें., रविवार
जुनं पेट्रोल काढलं, कुजका वास. नवं भरलं. प्लग घासला, फट मोजली, तीनदा. चाकांत हवा.
किक माझ्या गुडघ्याला झेपेना. अक्काने मारली. पहिली, दुसरी... मी मोजणं सोडून दिलं. "चोक वढा, चोक!" तिला चोक कसा ठाऊक, देव जाणे.
आणि लागली. निळा धूर, तुळस थरथरली, शेजारच्या खिडक्या उघडल्या.
"बोलली की वो म्हातारी!"
अमितला फोन लावून गाडीजवळ धरला. उचलला नाही. आवाज रेकॉर्ड करून पाठवला. उत्तर संध्याकाळी: वा आई!

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
पाटावर गुंडाळी उलगडली, हळदकुंकू कोरडंच वाहिलं, गंज नको म्हणून. झेंडूचं एक फूल. अक्काला बोलावलं. दोघींचा शिरा.

१९ ऑक्टोबर
अमित आला. बॅग खाली ठेवायच्या आधी किक. लागली. डोळे मिटून उभा राहिला जरा वेळ.
चहाला म्हणाला, "चिंचोळीला माझा मित्र आहे. चालू गाडी म्हटल्यावर लगेच नेईल."
"राहू दे म्हणाला होतास."
"म्हणालो की. मला काय माहीत तू खरंच चालू करशील!"
मी उठून स्वयंपाकघरात गेले. तो मागून आला. "गाडीचं नाही गं. बाबा त्या अंगणात पडले तेव्हा तू तरी जवळ होतीस. तुझ्यावर ती कलंडली तर कोणाला कळेल?"
"अक्काला."
"रोज येते ती?"
रोज कुठली येणार. तिलाही नातवंडं आहेत.
"माझ्याकडे चल, आई. संक्रांतीपर्यंत तरी."
रागावलेला नाही. घाबरलाय. रागावला असता तर मला सोपं होतं.

२४ ऑक्टोबर
उद्या आम्ही दोघं बेंगळुरूला निघतो. माझं परतीचं तिकीट काढलेलं नाही. मी विचारलं नाही, त्याने काढलं नाही. म्हणून लिहून ठेवते. अमित, हे तुझ्यासाठी.
पाने, गुंडाळीसकट, लक्ष्मीअक्काला. उसने नव्हेत, तिचेच. परत मागायचे नाहीत.
हवेचा पंप शेजारच्यांना. मागून नेतात, तर राहू दे त्यांच्याकडेच.
प्लग पाना आणि फटीच्या पट्ट्या तुला. एक काम तरी हाताने करता यावं.
पक्कड, ब्रश, तेलाचा डबा अंगणातल्या कोनाड्यात. घर भाड्याने दिलंत, तर जो राहील त्याला.
गाडीची किल्ली अक्काकडे. दर रविवारी पाच मिनिटं चालू ठेवायची, तिने कबूल केलंय. तिला फोन करून विचारत जा, मला नको.
गाडी कोणाला, ते लिहिलेलं नाही. विसरले नाहीये.