न्हाणीमागचं कपाट

राजूर, ता. अकोले
रविवार, ८ ऑगस्ट १९७१

सौ. वहिनींना पुष्पावतीचा नमस्कार.

घरमालकीण बनुबाई तुमच्या कानावर काही घालण्याआधी, घडलं ते क्रमाने लिहिते.

१. माझ्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटात बुरशी आली.
२. मी त्यात कळीचा चुना ठेवला.
३. चुन्यावर पाणी पडलं.
४. कपाटातून वाफ निघाली.
५. बनुबाईंनी कपाटासमोर नारळ फोडला.

आता रीतीप्रमाणे. तुमची आणि दादाची प्रकृती ठीक असेल. आईचे गुडघे कसे आहेत? राखी पोचली असेलच (ओलसर असल्यास दोष हवेचा). मिरजगावला अजून पाऊस नाही असं दादाने लिहिलं आहे. ते वाचल्यावर इथल्या ओलीची तक्रार करायला संकोच वाटतो. तरी करते.

वाळूत पाणी किती, हे अचूक सांगण्यासाठी पाटबंधारे खातं मला प्रयोगशाळेत पगार देतं. माझ्या साड्यांत किती, ते विचारू नका. चूक मुळात मिरजगावची. आपल्याकडे कपाट म्हणजे धुळीविरुद्धचा किल्ला. फटींत चिंध्या कोंबायच्या आणि दार दाबून लावायचं. आल्या दिवशी मी तेच केलं. इथे धूळ नाहीच. (मला तिची आठवण येते. दुपारच्या वाऱ्याबरोबर ताटात येणारी, दाताखाली कचकचणारी, कोरडी धूळ. हे दादाला वाचून दाखवू नका.) आषाढ संपताना दार उघडलं, तर काळ्या चपला हिरव्या झालेल्या, निळ्या साडीवर पांढरी नक्षी, आणि डिप्लोमाच्या सर्टिफिकिटावर लव उगवलेली.

बनुबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "ओल न्हाई ती बाई, भितीला घाम आलाय. जितं घर हाय माजं." कपाटामागे त्यांची न्हाणी आहे, हे सांगायचं मात्र राहून गेलं होतं.

कळीचा चुना ओल ओढून घेतो, हे पुस्तकात आहे. तसं करताना तो तापतो आणि फुगतो, हे पुढच्याच ओळीत आहे. मी पातेलं काठोकाठ भरून ठेवलं. सकाळी बनुबाईंचे मालक आंघोळीला बसले (त्यांचं सगळं सढळ हाताने असतं), भिंतीतून धार लागली आणि कपाट फसफसू लागलं. बनुबाई धावत आल्या.

"आगं बया! कपाटात कोन हाय तुज्या?"

"चुना आहे."

"चुना आसा बोलतो व्हय? मला शिकवती!"

नारळ फुटला, आणि त्याचं पाणी त्यांनी भक्तिभावाने कपाटातच शिंपडलं. शिकलेल्या बाईच्या कपाटात कुणीतरी राहतं, असं आता आळीत बोललं जातं. मी चिंध्या काढून टाकल्या आहेत आणि दार उघडं ठेवते. थोडी सुधारणा आहे.

तुमच्या मागच्या पत्राबद्दल. पोळा झाल्यावर तुमचे बंधू शिर्डीकडची मुलगी पाहायला जाणार, हे समजलं. "तुझ्या मनात काही असेल तर वेळेत सांग," असं तुम्ही लिहिलं होतं. सध्या मनात कपाट आहे.

आईला नमस्कार सांगा.

पुष्पावती

ता. क. जूनमध्ये दादाबरोबर माझी ट्रंक इथे पोचवायला तुमचे बंधू आले होते, तेव्हा त्यांचा तपकिरी स्वेटर इथे राहिला. इथली हवा पाहता त्याला बुरशीचा धोका आहे. पोस्टाने पाठवला तर वाटेत भिजेल. त्यांनी स्वतः येऊन न्यावा, हे सोयीचं.

आणखी एक. धोक्याचं मी लिहिलं ते बरोबर नाही. स्वेटर कपाटात कधी ठेवलाच नव्हता. दर शनिवारी वाळूचे नमुने निघाले, की प्रयोगशाळेच्या भट्टीत अगदी मंद आचेवर तो वाळवून घेते. साहेबांनी एकदा विचारलं, "हा नमुना कुठल्या नदीचा?" मी सांगितलं, आमच्याकडच्या सीनेचा. माझ्या खोलीत तेवढी एकच वस्तू कोरडी आहे. यातलं तुमच्या बंधूंना किती सांगायचं ते तुम्ही ठरवा.

शिर्डीला जाण्याआधी ते इकडे येतील का, याचं उत्तर बुधवार, १८ ऑगस्टपर्यंत मला मिळावं.